पणजोबांची जन्मनोंद गावच्या वहीत सापडत नसेल तर ती कुठे शोधावी?

आपल्या पणजोबांचा जन्म १९१८ च्या सुमाराचा आणि गाव सातारा जिल्ह्यातले. त्या गावाच्या जन्ममृत्यू नोंदवहीची पंधरा वर्षांची पाने पाहूनही त्यांचे नाव मिळाले नाही, तेव्हा नोंद झालीच नसावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या आजोबांच्या नोंदीसाठी मीही दीड वर्ष याच ठिकाणी अडकलो होतो, म्हणून इतके नक्की सांगतो की एवढ्यावरून नोंद नाही असे ठरवू नये. आपण पाहिली ती वही पणजोबांच्या वडिलांच्या गावची आहे. पणजोबा थोरले असतील, तर त्यांचा जन्म त्या गावात झालेला नसण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते आणि नोंद होते ती मूल जिथे जन्मले त्या गावाच्या वहीत. आपल्याला शोधायचे आहे ते पणजोबांचे आजोळ.

आजोळ कोणते हे घरात कोणालाच ठाऊक नसते, ही खरी अडचण. आमच्याकडेही तसेच झाले होते. पुरुषांची सात पिढ्यांची नावे पाठ असलेल्या आमच्या चुलत्यांना स्वतःच्या आजीचे माहेर सांगता येईना. शेवटी ते सापडले माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळावर. लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव कोरून घेण्याची पद्धत होती. चिंच आणि मीठ लावून काठ घासल्यावर पणजीच्या वडिलांचे नाव, त्याखाली गावाचे नाव आणि ‘ता. तासगाव’ एवढी अक्षरे वाचता आली. आपल्याकडची जुनी भांडी मोडीत घालण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावीत. भांडी नसतील, तर त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील आपल्या तीर्थोपाध्यायांची वही पाहावी. तिथे जन्मतारीख मिळत नाही, पण कोण कोणाबरोबर आले होते यावरून सोयरीक उलगडते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात, त्यांच्या पोथ्यांचाही उपयोग होतो.

गाव कळले की त्याचा आजचा जिल्हा तपासावा. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे तासगाव किंवा वाळवा तालुक्यातल्या गावची नोंद हवी असेल, तर साताऱ्याला खेपा घालून काही हाती लागणार नाही. ग्रामपंचायतीतही इतके जुने दप्तर बहुधा नसते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ‘गाव नमुना १४’ मागावा, ज्याला बहुतेक लोक कोतवाल बुक म्हणतात. तोंडी ‘नाही’ हे उत्तर मान्य करू नये. गाव आणि वर्षे स्पष्ट लिहून अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि वही उपलब्ध नसेल तर तसे लेखी मागावे. एका कार्यालयात मला तीनदा नाही म्हणून सांगितले होते. लेखी मागितल्यावर तीच वही दुसऱ्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेली निघाली.

वही समोर आल्यावर पणजोबांचे नाव शोधू नये. बारसे व्हायचे बाराव्या दिवशी आणि जन्माची खबर अनेकदा त्याआधीच दिली जाई, त्यामुळे मुलाच्या नावाची जागा कोरी राहून तिथे केवळ ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढेच लिहिलेले असते. नाव असले तरी ते घरात चालणारे नाव असेलच असे नाही. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याला दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवली जात आणि शाळेत घालताना ती बदलली जात. म्हणून बापाचे नाव शोधावे, ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, या रूपात. माझ्या आजोबांच्या नोंदीत नाव नव्हतेच. बापाच्या नावापुढे ‘राहणार’ म्हणून आमच्या गावाचे नाव होते आणि खबर देणार म्हणून आईच्या वडिलांचे. घंगाळावरचे तेच नाव कागदावर पाहिले, तेव्हा मला काही वेळ पुढचे वाचता आले नाही.

ही पाने बहुधा मोडी लिपीत असतात. मोडीत शब्द जोडून लिहिले जातात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाही, तेव्हा अंदाजाने वाचू नये. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, तिथून शिकलेले जाणकार बऱ्याच जिल्ह्यांत भेटतात.

वर्षाबद्दलही सावध राहावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही जन्मतारीख दिसली, तर ती गुरुजींनी प्रवेशासाठी अंदाजाने घातलेली आहे असे समजून दोन्ही बाजूंची तीन-चार वर्षे पाहावीत. त्यापेक्षा घरातली आठवण अधिक नेमकी ठरू शकते. ‘मानमोडीच्या साथीत जन्मलेला’ असे कोणी म्हणत असेल, तर ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होय. पत्रिका मिळाली आणि तीत शके असेल, तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवावेत. तिथी १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची असेल, तर ७९.

नाव नसलेली नोंद आपल्याच माणसाची आहे हे ठरवण्यासाठी एक काम मात्र टाळू नये. त्याच गावाच्या आणि वडिलांच्या गावाच्या वहीतील पुढच्या पाच वर्षांचे मृत्यूही पाहावेत. मी आधी जी नोंद आजोबांची समजलो होतो, ते मूल आठ महिन्यांचे होऊन गेले होते. आजोबा त्याच्या पाठचे. त्या थोरल्या भावाबद्दल आमच्या घरात कोणी कधीच बोलले नव्हते. म्हणून अर्ज करताना जन्माच्या नकलेबरोबर मृत्यूच्या नोंदींचीही नक्कल मागावी.