जिथे हाड झिजतं नेमकं तिथेच नवं हाड बांधणाऱ्या पेशी कशा पोहोचतात?

मुख्य खूण जुन्या हाडातच साठवलेली असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात, तेव्हा त्यातलं टीजीएफ-बीटा १ हे प्रथिन मोकळं होऊन सक्रिय होतं. ते जिकडे जास्त, तिकडे अस्थिमज्जेतल्या मूळपेशी सरकतात आणि पुढे त्यांच्याच ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी बनतात. थोडक्यात, पाडकामच गवंड्यांना बोलावणं धाडतं! या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होऊन ते भलतीकडेही सक्रिय राहिलं, तर कामुराती-एंगेलमान नावाचा दुर्मीळ आजार होतो. हातापायांची लांब हाडं जाड होतात, दुखतात.

फ्रॅक्चरमध्ये आणखी एक वाट असते. तिथे पूर्वपेशी, म्हणजे पुढे ऑस्टिओब्लास्ट बनणाऱ्या पेशी, नव्या रक्तवाहिन्यांना बिलगून आत शिरतात. हाड मोडल्यावर डॉक्टर सिगारेट बंद करायला सांगतात त्याचं एक कारण हेच, धूम्रपानाने रक्तपुरवठा घटतो.