आठ हार्ड डिस्कसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न : गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांच्या चित्रीकरणाचा साठा सुट्या यूएसबी डिस्कवर विखुरलेला असून तो आठ हार्ड डिस्क बसवलेल्या एकाच संगणकात आणायचा आहे. त्यासाठी एलएसआय ९२११-८आय हे अनेक डिस्क जोडण्याचे जुने, वापरलेले कार्ड मिळत आहे, आणि पुढे दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्डही लावायचे आहे. दुकानदार म्हणतात, लांब स्लॉट असलेला कोणताही मदरबोर्ड चालेल. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. लांब स्लॉटमध्ये कार्ड बसेल हे खरे, पण त्या स्लॉटला आतून किती लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, जोडलेल्या आहेत हे त्याच्या लांबीवरून कळत नाही. दिसायला एक्स१६, म्हणजे सोळा लेनच्या, असलेल्या अनेक स्लॉटांत प्रत्यक्षात चारच लेन असतात, आणि काही स्वस्त बोर्डांवर तर एकच असते.

आपले कार्ड आठ लेनचे, पण पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटांच्या मानकाच्या दुसऱ्या पिढीचे आहे. त्यामुळे स्लॉट चौथ्या पिढीचा असला तरी ते दुसऱ्या पिढीच्याच वेगाने, म्हणजे प्रत्येक लेनमागे सेकंदाला सुमारे ५०० एमबी याप्रमाणे चालेल. आजची मोठी हार्ड डिस्क सलग वाचताना फार तर २५० एमबीच्या आसपास जाते, म्हणून आठ डिस्क मिळून सुमारे २००० एमबी होतात आणि चार लेनही कशाबशा पुरतात. एका लेनवर मात्र प्रत्येक डिस्कच्या वाट्याला जेमतेम ६२ एमबी येतात. रोजच्या वापरात हे कदाचित जाणवणार नाही. पण एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती परत मिळेल अशा रीतीने (रेड) डिस्क एकत्र जोडल्या असतील, तर एखादी डिस्क बिघडून तिच्या जागी नवी बसवली, की सर्व डिस्क एकाच वेळी वाचाव्या लागतात, आणि ८ टीबीच्या डिस्कचे जे काम एरवी निम्म्या-पाऊण दिवसात उरकते ते दीड दिवसावर जाते. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तिथे हा वाढलेला काळ मला खरोखर धोक्याचा वाटतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की थेट प्रोसेसरला जोडलेला पहिला एक्स१६ स्लॉट साठवणुकीच्या कार्डाला द्यावा. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागू नये, म्हणजेच प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते त्यांत ती नसते. नेटवर्क कार्डासाठी किमान चार लेनचा दुसरा लांब स्लॉट पाहावा. तो बहुधा चिपसेटमधून (बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमधून) येतो आणि साटा (डिस्क जोडण्याचे पोर्ट), यूएसबी व एखाद्या एम.२ स्लॉटसह (लहान एसएसडीच्या खाचेसह) प्रोसेसरकडे जाणारी एकच वाट वापरतो, तरी दहा गिगाबिटच्या सुमारे १२५० एमबींना ती पुरते. इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर एक लांब आणि एक-दोन आखूड स्लॉट एवढेच असतात, त्यामुळे आपली ही गरज तिथे भागणार नाही; बी६६० किंवा त्यावरच्या चिपसेटचा पूर्ण आकाराचा बोर्ड शोधावा.

नागपूरला सीताबर्डीत जाऊन आणलेला बोर्ड बदलून घेण्यासाठी पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो, म्हणून निघण्यापूर्वीच कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी आणि तिच्यातील स्लॉटांचा तक्ता वाचावा. तिथे लांब स्लॉटापुढे 'एक्स४ मोड', म्हणजे चारच लेन, असे लिहिलेले आढळेल. एम.२ मध्ये एसएसडी लावल्यास कोणता स्लॉट किंवा कोणते साटा पोर्ट बंद पडतात, हेही त्याच पानावर तळटिपेत दिलेले असते, आणि ही तळटीप बहुतेक जण वाचतच नाहीत.

कार्डावर आयटी प्रकारचे फर्मवेअर (कार्डातच भरलेली आज्ञावली) आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे, म्हणजे प्रत्येक डिस्क संगणकाला स्वतंत्र दिसेल. हे कार्ड सर्व्हरमधील जोरदार वाऱ्यासाठी बनवलेले असून त्याच्या उष्णताशोषकावर स्वतःचा पंखा नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद पेटीत ते फार तापते. म्हणून त्याच्या शेजारचा स्लॉट मोकळा ठेवावा आणि एक लहान पंखा थेट त्याच्यावर वारा येईल असा बसवावा.