रोमानियाचा फुटबॉलपटू, विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) मारियुस लाकातुश एवढा मोठा का मानला जातो?

एका पेनल्टीमुळे, असं बरेच जण म्हणतील. ती पेनल्टी मोठी होतीच, पण माझ्या मते खरं कारण आहे स्टेआवा बुखारेस्ट या क्लबशी असलेलं त्याचं नातं.

आधी ती पेनल्टी. ७ मे १९८६, सेव्हिल, युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल, स्टेआवासमोर बार्सिलोना. १२० मिनिटं गोलच नाही. शूटआउटमध्ये दोन्ही संघांच्या पहिल्या दोन-दोन पेनल्टी अडवल्या गेल्या. मग लाकातुश आला आणि जीव खाऊन मारला. चेंडू आडव्या दांड्याला खालून लागून आत गेला! वीतभर वर असता तर सगळंच फिसकटलं असतं. स्टेआवाचा गोलकीपर डुकाडामने बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या, त्यामुळे कौतुक त्याचं झालं, आणि ते रास्तच. पण कोंडी फोडली ती लाकातुशने. पूर्व युरोपातल्या क्लबने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

जन्म १९६४, ब्राशोवचा. तिथूनच सुरुवात, मग १९८३ मध्ये स्टेआवात. उजव्या बाजूने असा घुसायचा की टोपणनावच पडलं ‘फिआरा’, म्हणजे हिंस्र श्वापद. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये बारीला सोव्हिएत संघाविरुद्ध रोमानियाचा स्टार हाजी नसताना दोन्ही गोल यानेच केले. (दुसरा पेनल्टीवर, हँडबॉल खरं तर बॉक्सबाहेर होता.)

नंतर इटलीचा फिओरेंटिना, स्पेनचा ओविएदो हे क्लब. तिथे तो फारसा रमला नाही. १९९३ मध्ये घरी, म्हणजे स्टेआवात परतला आणि पुन्हा लीग जिंकू लागला. स्टेआवाकडून एकूण १० विजेतेपदं!