गेवांडहाऊस ऑर्केस्ट्रात एवढे वादक कशाला लागतात?

प्रश्न बरोबर आहे तुमचा. सिम्फनीला स्टेजवर शंभरेक लोक असले तरी डोक्यावरून पाणी, मग जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाऊसकडे १८० च्या वर कसे? तर हा एकच ऑर्केस्ट्रा तीन ठिकाणी ड्युटी करतो. एक स्वतःचा हॉल, दुसरं चौकाच्या पलीकडचं ऑपेरा हाऊस, आणि तिसरं थॉमस चर्च, जिथे संगीतकार बाख नोकरीला होता, तिथे शनिवारी दुपारी मुलांच्या कॉयरला साथ करायची. त्यामुळे इकडे एक तुकडी सिम्फनी वाजवतेय आणि तिकडे दुसरी ऑपेरात बसलीय, असंही होतं.

मला स्वतःला याची सुरुवात जास्त भारी वाटते. त्या काळी बरेच ऑर्केस्ट्रा राजाच्या पदरी असायचे, शेजारच्या ड्रेस्डेनचा तसाच, पण लाइपझिग पडलं व्यापाऱ्यांचं गाव. १७४३ मध्ये १६ जणांनी वर्गणी काढली आणि १६ वादक ठेवले, बस. आधी कोणाच्या घरी, मग एका खानावळीत कार्यक्रम व्हायचे, १७८१ ला कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत हॉल मिळाला आणि नाव तिथलंच चिकटलं.

१८३५ ला संगीतकार मेंडेल्सोन कंडक्टर म्हणून आला, वय फक्त २६, आणि त्याने सगळं रूपच पालटलं. तोवर लोकांना नवीन संगीत ऐकायची सवय, हा जुन्या संगीतकारांनाही कार्यक्रमात आणायला लागला. शूबर्टची मोठी सी मेजर सिम्फनी शूबर्ट वारल्यावर त्याच्या भावाकडे तशीच पडून होती, ती व्हिएन्नात संगीतकार शूमानच्या हाती लागली आणि १८३९ ला मेंडेल्सोनने इथे पहिल्यांदा वाजवली (नक्की ऐका, तासभर लागतो पण). १८४३ मध्ये त्याने गावात संगीत शाळाही काढली.

जन्माने ज्यू म्हणून नाझींनी १९३६ ला त्याचा हॉलसमोरचा पुतळा पाडला, महापौर गोर्डेलर तेव्हा परगावी होता, त्याने चिडून राजीनामा दिला, आणि पुढे हिटलरविरुद्धच्या कटात त्याला फाशी झाली.

आत्ताचा हॉल १९८१ चा, पूर्व जर्मनीच्या काळातला. ९ ऑक्टोबर १९८९ ला शहरात तिथल्या सरकारविरुद्ध ७० हजारांचा मोर्चा निघाला, गोळीबार होणार अशी सगळ्यांना भीती, तेव्हा शांत राहा असं आवाहन रस्त्यांवरच्या लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, आणि आवाज होता इथल्या कंडक्टरचा, कुर्ट माझूरचा. गोळी सुटली नाही.