बदलीची नोकरी आणि दर खरेदीचे मुद्रांक शुल्क

प्रश्न : मी एका बँकेत अधिकारी आहे. गेल्या नऊ वर्षांत माझी तीन वेळा बदली झाली. प्रथम कराडला फ्लॅट घेतला, तो विकून सोलापूरला घेतला आणि आता तोही विकून सांगलीत विश्रामबागेत सुमारे ४५ लाख रुपयांचा फ्लॅट घ्यावा असे आम्हा उभयतांच्या मनात आहे. प्रत्येक खरेदीच्या वेळी मी पूर्ण मुद्रांक शुल्क भरले. आधी भरलेल्या शुल्काची नव्या खरेदीत वजावट मिळते का? बदलीच्या नोकरीतील माणसांसाठी काही सवलत आहे का? नसल्यास हा खर्च कमी करण्याचा कायदेशीर मार्ग कोणता?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार शुल्क लागते ते दस्तावर. ते माणसावरही नाही आणि घरावरही नाही. त्यामुळे जितकी खरेदीखते तितक्या वेळा शुल्क, मग खरेदी करणाऱ्याने आयुष्यात एकच घर घेतलेले असो किंवा दर तीन वर्षांनी घर बदललेले असो. बदली, निवृत्ती किंवा आजारपण यांपैकी कोणत्याही कारणाची दखल हा कायदा घेत नाही. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठचे घर विकून उंचावरच्या भागात ज्यांनी घर घेतले, त्यांनाही हाच नियम लागू होता.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत सदनिकेच्या खरेदीवर पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि एक टक्का स्थानिक अधिभार असे एकूण सहा टक्के भरावे लागतात. ४५ लाखांवर ही रक्कम २ लाख ७० हजार रुपये होते. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, म्हणून एकूण खर्च ३ लाख रुपये. शुल्काची आकारणी करारातील किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (शासनाने ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांप्रमाणे) येणारे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते, त्यामुळे बोलणी पक्की करण्यापूर्वी त्या इमारतीचे मूल्यांकन काढून घ्यावे.

हे ३ लाख रुपये आपण त्या घरात राहणार असलेल्या वर्षांत वाटून पाहावेत. दहा वर्षे राहिल्यास महिन्याला अडीच हजार रुपये पडतात. परंतु तीनच वर्षांत पुन्हा बदली झाली तर तोच भार महिन्याला सव्वाआठ हजारांच्या पुढे जातो, आणि कर्जाचे व्याज, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, मध्यस्थाची दलाली हे सर्व त्यावर वेगळे. घराची किंमत वाढते म्हणून घर घेणे नेहमीच फायद्याचे, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मात्र तीन वर्षांत किंमत सहा-सात टक्क्यांनी वाढली तरी ती वाढ केवळ शुल्क आणि फी भरून काढण्यातच संपते, हे सांगणारे फार थोडे भेटतात.

सवलतीचा एक मार्ग आपल्यासाठी खुला आहे. निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आपल्या बाबतीत ती ४५ हजार रुपये होईल. ही सूट १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली, तेव्हा असे घर पुढील पंधरा वर्षे पुरुष खरेदीदारास विकता येणार नाही अशी अट होती. वारंवार घर बदलणाऱ्या कुटुंबाला या अटीमुळे सवलत घेणेच अवघड होते. २०२३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली, ही समाधानाची बाब आहे. मात्र खरेदीखतात पतीचे नाव सहमालक म्हणून आले की सूट मिळत नाही. तसेच आपण केवळ सहकर्जदार राहिलात आणि मालकी पत्नीची असेल, तर कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकराची वजावट आपणांस मागता येणार नाही, याचाही हिशेब आधी करावा. केवळ एक टक्का वाचावा एवढ्याच हेतूने नाव लावू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या खरेदीखताने घर कायद्याने पत्नीचे होते, आणि ते तिचे आहे हे मनापासून मान्य असेल तरच हा निर्णय घ्यावा.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ८०सी म्हणून परिचित असलेल्या दीड लाखाच्या मर्यादेत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांची वजावट घेता येते. पण ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात पुन्हा जोडली जाते. कराड आणि सोलापूरच्या घरांबाबत आपण ही वजावट घेतली असल्यास आपल्या कर सल्लागारास विवरणपत्रे अवश्य दाखवा. अनेकांच्या हातून नेमके हेच सुटते.

भांडवली नफ्याच्या बाबतीत कायदा अधिक समंजस आहे. चोवीस महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेले घर विकून झालेला नफा विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला, अथवा तीन वर्षांत घर बांधले, तर त्या नफ्यावर करसवलत मिळते. नवे घर मात्र तीन वर्षे विकता येत नाही, अन्यथा ती सवलत हातची जाते. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यास हा मार्गच बंद होतो आणि नफ्यावर आपल्या नेहमीच्या दराने कर लागतो. नफा मोजताना खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या खर्चात धरता येते, म्हणून त्या पावत्या आणि सूची दोनची (नोंदवलेल्या दस्ताच्या नोंदीच्या उताऱ्याची) प्रत जपून ठेवावी.

म्हणजे माणूस एक घर सोडून दुसऱ्यात जातो, ही गोष्ट प्राप्तिकर कायद्याला समजते; मुद्रांक कायद्याला ती समजत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. विकासकाकडून सदनिका घेणाऱ्या गुंतवणूकदाराने तीन वर्षांच्या आत ती दुसऱ्यास दिली, तर आधी भरलेले शुल्क पुढच्या दस्ताच्या शुल्कात समायोजित करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती आणि २०२२ मध्ये ती तीन वर्षे करण्यात आली. जो त्या घरात एक दिवसही राहणार नाही त्याच्या व्यवहारात वजावट मिळते, आणि मुलांच्या शाळा बदलत गावोगाव संसार हलवणाऱ्या कुटुंबाला ती मिळत नाही, हे मला न्याय्य वाटत नाही. करोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या महिन्यांत शासनाने शहरी भागातील शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले होते आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के ठेवले होते; म्हणजे सवलत देणे शासनाला अशक्य नाही. एक राहते घर विकून दोन वर्षांत दुसरे घेणाऱ्यास पहिल्या घरावर भरलेल्या शुल्काची काही अंशी तरी वजावट मिळावी, ही मागणी कर्मचारी संघटनांनी शासनाकडे नेटाने मांडायला हवी.

तोवर माझा सल्ला असा आहे की, सांगलीत निदान सात-आठ वर्षे राहण्याची खात्री नसेल तर विश्रामबागेतला फ्लॅट घेऊ नये. जेथे निवृत्तीनंतर राहायचे आहे तेथे एकच घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि बदलीच्या गावी आपण भाड्याने राहावे.

प्रश्न : बदलीमुळे साताऱ्यातील घर भाड्याने देत आहे. भाडे १२ हजार आणि अनामत ५० हजार रुपये आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला तर नोंदणीची गरज नाही, असे सर्वजण सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सदर बझार, सातारा

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास वाद झाला तेव्हा अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शुल्क तर अगदी अल्प आहे. अकरा महिन्यांचे भाडे १ लाख ३२ हजार, त्यात अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज मिळवून येणाऱ्या रकमेच्या पाव टक्का, म्हणजे हिशेबाने साडेतीनशे रुपयांच्या आतच. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. हा दस्त ऑनलाइन नोंदवता येतो, त्यामुळे आपण बदलीच्या गावी गेला असलात तरी त्यासाठी साताऱ्याला खेप घालण्याची आवश्यकता नाही.