हेडरवर क्लिक केल्यावर यादीचा क्रम कोणी लावायचा?

प्रश्न : आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातील स्विंग हा खिडक्या-बटणे बनवण्याचा संच वापरून पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला आहे. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत आणि खरेदीची तारीख असे सहा कॉलम जेटेबलमध्ये, म्हणजे स्विंगच्या तक्ता दाखवणाऱ्या घटकात आहेत. हेडरवर क्लिक केल्यावर यादी त्या कॉलमप्रमाणे लागावी म्हणून चढत्या आणि उतरत्या क्रमासाठी मिळून बारा इफ-एल्स (अमुक असेल तर हे, नाहीतर ते, अशा अटी) लिहावे लागले. तरीही दाखल क्रमांक १००० हा २५० च्या आधी येतो आणि तारखा वर्षाऐवजी दिवसाप्रमाणे लागतात. हा कोड आटोपशीर कसा करावा?
— एक वाचक

उत्तर : तो कोड आटोपशीर करू नये, काढूनच टाकावा. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून हे काम जेटेबल स्वतः करते. 'सेटऑटोक्रिएटरोसॉर्टर' या मेथडला (तयार आज्ञेला) 'ट्रू' दिले, की पहिल्या क्लिकला चढता आणि दुसऱ्या क्लिकला उतरता क्रम मिळतो. हा क्रम लावणारा भाग, म्हणजे सॉर्टर, आधीचे क्लिकही लक्षात ठेवतो. आधी शीर्षकावर आणि मग लेखकावर क्लिक केल्यास प्रत्येक लेखकाची पुस्तके शीर्षकाच्या क्रमाने लागतात, कारण एका वेळी तीन कॉलमपर्यंतचा क्रम तो सांभाळतो.

मात्र एवढ्याने १००० आणि २५० चा गोंधळ मिटणार नाही, कारण त्याचे मूळ क्लिकच्या कोडमध्ये नसून माहिती साठवण्याच्या पद्धतीत आहे. आपण सर्व रकाने मजकूर म्हणून भरले असावेत, आणि मजकुराची तुलना अक्षराअक्षराने होत असल्यामुळे १ ने सुरू होणारा आकडा २ च्या आधीच येणार. म्हणून दाखल क्रमांक 'इंटिजर' (पूर्णांक), किंमत 'बिगडेसिमल' (दशांश संख्या) आणि तारीख 'लोकलडेट' म्हणून साठवावी, आणि टेबल मॉडेलमधील (तक्त्याची माहिती सांभाळणाऱ्या भागातील) 'गेटकॉलमक्लास' ही मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी आपली लिहून, प्रत्येक कॉलमचा खरा प्रकार कळवावा. ही मेथड न लिहिल्यास मॉडेल सगळ्याच कॉलमांचा प्रकार 'ऑब्जेक्ट' सांगते आणि सॉर्टर पुन्हा मजकुराकडे वळतो, त्यामुळे नुसते इंटिजर भरूनही उपयोग होत नाही. प्रकार नीट सांगितल्यावर आकडे आपोआप उजवीकडे लागतात, हा आणखी एक फायदा. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी दिसावी यासाठी मात्र छोटा रेंडरर (रकान्यातील माहिती पडद्यावर कशी दिसावी हे ठरवणारा कोड) लिहावा लागेल. दाखवण्याची पद्धत आणि साठवण्याची पद्धत वेगळी ठेवली, की अशा बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत.

शीर्षक आणि लेखक या दोन कॉलमांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. 'क्ष' तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही, ते 'क', हलन्त आणि 'ष' मिळून बनते, त्यामुळे आपण यादीच्या शेवटी शोधत असलेली शीर्षके 'क' च्या गटात सापडू शकतात. वाचनालयात येणारा वाचक वर्णमालेप्रमाणेच शोधणार, म्हणून आपल्याला हवा तो वर्णक्रम पाळणारा एकच कंपॅरेटर (दोन नोंदींत आधी कोणती हे ठरवणारा कोड) लिहून 'सेटकंपॅरेटर' ने या दोन्ही कॉलमांना द्यावा. नियम लिहून देता येतील असा 'रूलबेस्डकोलेटर' जावातच आहे.

जुना कोड काढताना एक धोका लक्षात ठेवावा. नव्या पद्धतीत मॉडेलमधील ओळी जागच्या हलत नाहीत, फक्त पडद्यावरील क्रम बदलतो. त्यामुळे वाचनालयाच्या सेवकाने निवडलेली तिसरी ओळ मॉडेलमध्येही तिसरीच असेल असे नाही, आणि तसे गृहीत धरल्यास भलत्याच पुस्तकाची नोंद रद्द होईल. निवडलेल्या ओळीचा क्रमांक आधी 'कन्व्हर्टरोइंडेक्सटुमॉडेल' मधून बदलून घ्यावा. अनेक नोंदी एकदम काढायच्या असल्यास सगळे क्रमांक आधी बदलून घ्यावेत आणि मग मोठ्या क्रमांकाकडून लहानाकडे एकेक नोंद काढत यावे.