हंटिंग्टनच्या रिसर्चच्या बातम्या वाचताना

ताई, भावाचा हंटिंग्टनचा, म्हणजे या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट आल्यापासून तुम्ही रोज काहीतरी शोधत असणार, कळतंय मला. पण बातमी दिसली की आधी बघा, उंदरांवर का माणसांवर, किती पेशंट, तुलना कोणाशी. मार्च २०२१ ला रोश कंपनीने टोमिनर्सेन या औषधाच्या मोठ्या ट्रायलमधले डोस मधेच थांबवले तेव्हा कितीतरी घरं खचली हो. मग सप्टेंबर २०२५ ला युनिक्योर कंपनीच्या एएमटी-१३० या जीन थेरपीचं आलं, ३ वर्षांत आजार ७५ टक्के हळू वाढला म्हणे, मीही खूप खूश झाले, पण हाय डोसवर ३ वर्षं झालेले पेशंट फक्त १२, तुलना ट्रायलबाहेरच्या पेशंटच्या डेटाशी, आणि औषध मेंदूचं ऑपरेशन करून आत सोडावं लागतं, हे हेडलाईनमध्ये नसतं.

स्टेम सेलवाले लाखांचं पॅकेज सांगतील, एक रुपयाही देऊ नका, कोणी भारतात ट्रायल आहे म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा, रजिस्ट्रेशन नंबर मागा.

आणि हातभार लावायचाच असेल तर परदेशातल्या नातेवाईकांना एनरोल-एचडी या हंटिंग्टनच्या कुटुंबांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाबद्दल सांगा, वर्षातून एकदा तपासणी, रक्त, प्रश्न, औषध काही नाही. स्वतःची जीन टेस्ट न केलेलेही त्यात येऊ शकतात, टेस्टची घाई कोणावर करू नका, आधी काउन्सेलिंग.